दुभाषीबाईंचा एक शब्द

दुभाषीबाईंची ख्याती अशी, की दोन्ही देशांचे साहेब एकमेकांवर कितीही उखडले तरी बाईंच्या आवाजाची पट्टी बदलायची नाही. पलीकडची भाषा त्यांना आजीकडून मिळालेली. आजी मूळची नदीपल्याडची. तिच्या काळी मधे कुंपण नव्हतं, लोक सकाळी जाऊन संध्याकाळी परत यायचे.

सीमेवरच्या एका बैठ्या इमारतीत दर तीन महिन्यांनी दोन्हीकडची बैठक भरायची. लांबलचक टेबल, एका बाजूला आपले, दुसऱ्या बाजूला त्यांचे, टोकाला बाई. विषय, चुकून हद्द ओलांडलेल्या कैद्यांचे मानवी हक्क. नाव केवढं भारदस्त! मागल्या बैठकीत अख्खे दोन तास कागदावर 'खेद' लिहायचा की 'दिलगिरी', यात गेले. माणसं तुरुंगात सडतायत आणि हे इथे शब्दांचा कीस पाडतायत! शेवटी बाईंनीच मधला एक शब्द सुचवला, तेव्हा कुठे साहेबांना चहा गोड लागला.

त्या कैद्यांत बाईंचा धाकटा भाऊ होता, हे मात्र टेबलावर कुणालाच माहीत नव्हतं. लग्नानंतर आडनाव बदललेलं, म्हणून खपून गेलं. कळलं असतं तर खुर्ची गेली असती, आणि त्याची खबर मिळायची तेवढीच एक फट होती.

घरात त्याला भोंग्या म्हणत. हाक मारली की चार गल्ल्यांतली कुत्री उठायची, असा गळा. सहा वर्षांपूर्वी धुक्यात जाळं घेऊन नदीवर गेला. हद्द नदीच्या मधोमध. आता पाण्यावर काय रेघ मारलेली असते? पलीकडच्या गस्तीने धरला, हेर म्हणून. सकाळची गोष्ट ज्याच्या पोटात दुपारपर्यंत टिकत नसे, तो म्हणे हेर!

आई दर आठवड्याला त्याचा निळा शर्ट धुवायची.

"अगं, न घातलेला शर्ट काय धुतेस?" बाई म्हणायच्या.

"आला तर काय धुळीचा घालेल?"

आई तशी खंबीर. बाबा दोन वर्षं अंथरुणाला खिळले होते. ते गेले तेव्हाही तिने रडारड केली नाही. "सुटले बिचारे," एवढंच म्हणाली होती.

त्या दिवशी पलीकडचे लोक सुटकेची यादी वाचणार होते. निघताना आईने दंडच धरला. "आज त्याचं विचार हं नक्की."

"आई, मी विचारत नसते गं. दुसऱ्यांनी विचारलेलं सांगते."

"मग कुणाला तरी विचारायला लाव."

अकरा नावं होती. पलीकडचा अधिकारी वाचत गेला, बाई सांगत गेल्या. सुटका मंजूर. सुटका मंजूर. सातवं नाव भोंग्याचं, शाळेतलं, बाबांच्या नावासकट. अधिकारी थांबला, चष्मा सारखा केला आणि हळू आवाजात बोलला.

बाईंनी सांगितलं, "क्रमांक सात. चार महिन्यांपूर्वी तुरुंगात न्यूमोनियाने मृत्यू. अंत्यविधी तिकडेच झाला." पट्टी तीच.

"अरेरे," आपले साहेब म्हणाले आणि यादीवर फुली मारली. "बरं, पुढचं नाव विचारा."

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. चार महिने! म्हणजे खेद की दिलगिरी चाललं होतं, तेव्हा लेकरू मरून महिना झाला होता. तरी बाईंनी आजीच्या भाषेत विचारलं, "पुढचं नाव?"

बसमध्ये सगळी वाट त्या शब्द शोधत होत्या. दोन भाषा येत होत्या, पण आईला सांगता येईल असं एकीतही काही सापडेना.

आई दारातच उभी होती. "सुटला का गं?"

आणि बाईंच्या तोंडून निघून गेलं, "सुटला."

"अहो काकू!" आई शेजारच्या घराकडे तोंड करून ओरडली. "माझा भोंग्या सुटला हो!" आणि आत धावली. निळा शर्ट काढला, झटकला, कॉलर सरळ केली. बाई उंबऱ्यातच उभ्या होत्या, पायांत चपला तशाच. आईने मागे वळून त्यांच्याकडे पाहिलं. हात थांबले.

"बाबांसारखा?" तिने विचारलं.

बाईंनी होकाराची मान हलवली आणि त्या उंबऱ्यातच बसल्या.

तेवढ्यात शेजारच्या काकू हसत हसत दारात आल्या. "कधी येतोय मग आमचा भोंग्या? आता झोपमोड होणार म्हणायची!"

बाईंनी तोंड उघडलं, पण शब्द येईना. तेव्हा आईनेच सांगितलं. शर्ट छातीशी घट्ट धरून ती म्हणाली, "नाही येत हो तो. मीच चुकीचं ऐकलं."