ताईंच्या टायरमधली हवा

माझी नणंद कवळ्या करते. दातांचे डॉक्टर फक्त माप घेतात. त्यानंतर साच्यापासून शेवटच्या पॉलिशपर्यंत सगळं ताईंच्या हातून होतं. दवाखान्याच्या मागच्या अंगाला एक लांबट खोली आहे, तिथे खिडकीखालच्या टेबलाशी बसून त्या अनोळखी माणसांची हसायची आणि चावायची सोय करून देतात. त्यांचे केस किती पिकलेत आणि त्यांत प्लास्टरची भुकटी किती, हे कुणालाच सांगता येत नाही. लग्न केलं नाही. कुणी कारण विचारलंच तर म्हणतात, दिवसभर लोकांचे जबडे बघते, संध्याकाळी घरी गेल्यावर आणखी एक कशाला?

तर ही बाई मोटारसायकल चालवते. चांगली जाडजूड, स्टँडवर चढवताना माझी कंबर धरेल अशी. माझ्या सासूबाईंनी त्या गाडीशी मरेपर्यंत अबोला धरला होता. ताईंनी दोघींचंही मन राखलं. रोज आधी आईचा चहा करायच्या आणि मग गाडी पुसायला बसायच्या.

गेल्या वर्षी त्या पावसात पडल्या. मागे माझा नवरा बसला होता, म्हणजे ताईंचा धाकटा भाऊ. चौकाच्या अलीकडे लोकांना रस्ता ओलांडायला पांढरे पट्टे मारलेत, तिथे गल्लीतून एक टेम्पो नाक बाहेर काढताना ह्याला दिसला आणि हा मागून ओरडला, "ताई, ब्रेक!" ताईंनी पुढचा ब्रेक गच्च आवळला. ओल्या रंगावर चाक निसटलं आणि गाडी आडवी झाली. टेम्पोवाला बिचारा कधीच थांबला होता. ताईंचं कोपर खरचटलं, आणि ह्याचा गुडघा गाडीखाली गेला.

माझा नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. आता तो लंगडतो, त्याला शिड्या चढवत नाहीत. म्हणून तो कंपनीच्या ऑफिसात बसून लिफ्टमध्ये अडकलेल्या लोकांचे फोन घेतो आणि त्यांना सांगतो, घाबरू नका, आमचा माणूस निघालाय. पूर्वी तो माणूस हाच असायचा.

ताईंना वाटायचं, ब्रेक आपण आवळला. ह्याला वाटायचं, आपण ओरडलो. पण वर्षभर दोघांनी त्या विषयावर तोंडातून अवाक्षर काढलं नाही. एकमेकांच्या ताटात वाढत राहिले, हवापाण्याच्या गप्पा मारत राहिले, आणि मी स्वयंपाकघरात भांडी आपटत राहिले. मला दोघांचाही राग यायचा. खरं सांगायचं तर भीती वाटायची, पण राग करायला सोपा असतो.

त्या दिवसापासून ताईंनी मागे कुणाला बसवलं नाही. आभाळ भरून आलं की गाडीवर कापड आणि ताई बसमध्ये. रस्ता नुसता ओला दिसला तरी त्यांची बोटं ब्रेकवर आखडायची. कवळीवर दाब हळूहळू वाढवायचा असतो, एकदम दिला की ती तडकते, हे शिकाऊ पोरींना शिकवणारी बाई स्वतःच्या बोटांना ते शिकवू शकत नव्हती. गॅरेजवाल्यानेच मग सुचवलं, की गावाबाहेरच्या शर्यतीच्या ट्रॅकवर अधूनमधून साध्या लोकांनाही गाडी चालवू देतात. समोरून कुणी येत नाही, गल्ल्या नाहीत, टेम्पो नाहीत. ह्याने लगेच ताईंचं नाव घातलं. ताई म्हणाल्या, जाते. पण तिथेही हात असेच आखडले तर गाडी विकून टाकणार, पुन्हा विषय काढायचा नाही. हे ऐकून ह्याचा चेहरा असा उतरला, जसं काही त्याचाच दुसरा गुडघा विकायला काढलाय.

त्या दिवशी सकाळी ऊन होतं. ताई गाडी चालवतच आल्या, आम्ही मागून कारने. शेडमध्ये आजूबाजूला चामड्याच्या पोशाखातली मंडळी होती, आणि त्यांच्या गाड्यांच्या टायरना चक्क गरम पांघरुणं गुंडाळलेली. आमच्या घरात तापाने फणफणलेल्या माणसालाही कुणी इतकं नीट पांघरूण घालत नाही. ते टायर शर्यतीचे, हाताला गुळगुळीत. ताईंचे आपले रोजचे, रस्त्यावरचे, खाचा असलेले.

ताई नियम ऐकायला गेल्या, तेवढ्यात ह्याने शेजारच्यांशी ओळख काढली. हा काही मोकळ्या हाताने बसणारा नव्हे. ते म्हणाले, ट्रॅकवर टायर तापतात, आतली हवा फुगते, म्हणून इथे सगळेच आधी थोडी हवा सोडतात. ह्याने मीटर लावून ताईंच्या दोन्ही चाकांतली हवा बेताने कमी केली. ताईंना सांगितलं नाही. आधीच धास्तावलीय, त्यात डोक्यात आणखी किडा नको, असा त्याचा विचार.

ताईंची पाळी दुपारी होती. ती यायच्या आत पाऊस आला.

पांघरुणवाले सगळे शेडमध्ये बसून राहिले. गुळगुळीत टायरला पाणी बाजूला सारायला खाचाच नसतात, त्यामुळे त्यांचा दिवस तिथेच संपला. आयोजकांनी सांगितलं, ज्यांचे टायर रस्त्यावरचे आहेत त्यांना जायचं तर जाऊ दे, पण आपल्या जबाबदारीवर आणि सावकाश. मला वाटलं, सुटलो. ताई आता नाही म्हणतील, घरी जाऊ, गाडी विकू, काय व्हायचं ते होऊ दे. ताईंनी हेल्मेट चढवलं. हातमोज्याचा पट्टा काही केल्या त्यांना लावता येईना, मग तो मी लावला. त्यांचं मनगट बर्फासारखं गार होतं. हेल्मेटच्या आतून एवढंच म्हणाल्या, "त्याला सांग, मी गेले."

हा चहा घेऊन आला तेव्हा गाडीची जागा रिकामी होती. दोन्ही हातांत कप तसेच धरून तो त्या रिकाम्या जागेकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मी हवा परत भरली नाही."

मला आधी कळेचना. त्याने भराभर सांगितलं. पावसात टायर टणक असावा लागतो, म्हणजे खाचा उघड्या राहतात आणि पाणी बाहेर फेकलं जातं. हवा कमी असली की टायर दबतो, खाचा मिटतात, आणि वळणावर चाक डुलतं. सकाळी उन्हात जे शहाणपण होतं तेच आता घात करणार होतं. मी म्हटलं, मग उभा काय राहिलास, थांबव त्यांना.

झेंडे दाखवणारे एक काका कठड्यापाशी रेनकोट घालून उभे होते. ह्याने लंगडत जाऊन त्यांना सगळं सांगितलं. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, काळा झेंडा आणि त्यांचा नंबर दाखवला की त्या आत येतील. तशी सोय आहे. मग ह्याच्याकडे बघून म्हणाले, "पहिल्यांदाच आल्यात ना? नवीन माणूस काळा झेंडा बघून दचकतो. आणि तो दिसतो नेमका ब्रेक लावायच्या जागेवर. बोला, दाखवू?"

तेवढ्यात ताई आमच्यासमोरून गेल्या. हळू, ताठ बसलेल्या, मागे पाण्याचा फवारा. माझा नवरा तोंड उघडं ठेवून उभा होता. मी त्याचा दंड धरून हलवला. माझ्या मनात एकच, की अरे बोल, हो म्हण, नाहीतर मी म्हणते.

"नको," तो काकांना म्हणाला. "नका दाखवू."

मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाला, "मागच्या वेळी मी ओरडलो होतो."

मग आम्ही वाट बघत राहिलो. ट्रॅकचा पलीकडचा भाग टेकाडाआड जातो, तिथलं काही दिसत नाही. एक लाल गाडी आली, एक निळी आली. मग पुन्हा तीच लाल. लाल परत आली आणि ताई नाहीत, म्हणजे काहीतरी झालं असणार. माझी नखं कुठे रुतली होती ते मला नंतर ह्याच्या दंडावर दिसलं. मला त्या क्षणी सगळ्यांचा राग आला, गॅरेजवाल्याचा, पावसाचा, सासूबाईंचासुद्धा, की त्यांनी नुसता अबोला का धरला, गाडीची किल्ली विहिरीत का नाही टाकली.

मग टेकाडाआडून ताई आल्या. ट्रॅकच्या कडेकडेने, डावा हात वर करून. तो हात वर म्हणजे मी बाहेर पडतेय, अशी खूण. शेडपाशी येऊन त्यांनी गाडी थांबवली, एक पाय टेकला, काच वर केली.

"पुढचं चाक वळणावर मऊ लागतंय," त्या म्हणाल्या. "हवा कुणी काढली?"

"मी."

"मग आता भर."

पंप आणला. ह्याला गुडघ्यावर बसता येत नाही, म्हणून तो पाय लांब करून सरळ ओल्या जमिनीवर बसला. ताई गाडी धरून उभ्या राहिल्या आणि त्या लांब केलेल्या पायाकडे बघत राहिल्या. मग त्या खाली वाकून काहीतरी बोलल्या. ह्याने मान हलवली. त्यांनी जोरात मान हलवली. मी जवळ गेले तर काय, दोघं भांडत होते. चूक माझी, नाही माझी. तू ओरडला नसतास तरी मी ब्रेक आवळलाच असता. अगं पण मी ओरडलो ना. लोक बापाच्या जमिनीसाठी भांडतात, हे दोघं एका ब्रेकसाठी हमरीतुमरीवर आले होते, दोघांचेही डोळे भरलेले. मी माझी भांडी वर्षभर उगाच आपटली.

ताई पुन्हा गेल्या, आणि वेळ संपेपर्यंत चालवत राहिल्या. भीती काही पळून गेली नव्हती. दर वळणाला त्यांचे खांदे वर चढायचे आणि त्या ते मुद्दाम खाली आणायच्या, हे मला एवढ्या लांबून दिसत होतं. पण ब्रेक कधी लावला ते कळत नव्हतं. कडेच्या लालपांढऱ्या रंगाच्या पट्ट्यांपासून त्या हातभर दूर राहायच्या, गाडी पूर्ण सरळ झाल्याशिवाय वेग वाढवायच्या नाहीत. काका म्हणाले, बाईंचा हात हलका आहे. मी म्हटलं, कवळ्या करतात. त्यांनी नकळत तोंडावर हात नेला.

निघताना पाऊस होताच. मी कारमध्ये बसले होते. ताई माझ्या खिडकीशी आल्या. त्यांच्या हातात दुसरं हेल्मेट होतं. ते त्यांनी सकाळी घरूनच गाडीला बांधून आणलं होतं, आणि मला दिवसभर दिसलं नव्हतं. भावाला काही न विचारता त्यांनी मला विचारलं, "ह्याला मागे बसवून नेऊ का गं?"

तो तिकडे गाडीपाशी उभा होता, एका पायावर भार टाकून, आमच्याकडे न बघण्याचं सोंग करत. मला दवाखान्यातले दिवस आठवले, कुबड्या आठवल्या, रात्री कूस बदलताना येणारा त्याचा आवाज आठवला. नाही म्हणायला माझं तोंड उघडलंसुद्धा होतं.

"हवा बघितलीत?" मी म्हणाले.

"आत्ताच तर भरली."

"परत बघा."

त्यांनी वाद घातला नाही. भर पावसात वाकून दोन्ही चाकांना मीटर लावलं आणि माझ्या काचेशी आणून दाखवलं. मला त्यातलं काही कळत नाही. मी मान हलवली.

मी त्यांच्या मागेच राहिले. ह्याचा एक हात ताईंच्या खांद्यावर होता, दुखरा पाय जरा बाहेर काढलेला. चौकाच्या अलीकडे ते पांढरे पट्टे आले, आणि नेमका तेव्हाच एक रिक्षावाला डावीकडून त्यांच्यापुढे घुसू लागला. माझा तळवा हॉर्नवर गेला. ताईंचा मागचा लाल दिवा केव्हाच लागलेला होता, आणि गाडी हळूहळू, अगदी हळूहळू, मंद होत होती. मी हात काढून मांडीवर ठेवला. घर येईपर्यंत मी हॉर्न वाजवला नाही.