गाण्याचा नवस

देवीने मला तेव्हा नेमकं काय सांगितलं, हे आजही मला ठामपणे सांगता येणार नाही. कधी वाटतं ती गप्पच राहिली. कधी वाटतं ती बोलत होती आणि मीच कानात बोळे घालून बसले होते. मी काही शिकलेली बाई नाही, अर्थ लावत बसणं मला जमत नाही. म्हणून जसं घडलं तसं लिहिते.

आमच्या पंचवटीतल्या गल्लीत मुरलीधराचं लहानसं देऊळ आहे. तिथे कार्तिकात पहाटे काकडा होतो, आणि लग्न होऊन नाशकात आले तेव्हापासून काकड्याची पहिली भूपाळी मी म्हणत आले. माझं माहेर चांदवडकडचं. तिकडे कांदे कापायला बसलेल्या बायकांबरोबर गाता गाता गळा तयार झाला, गुरू वगैरे कोणी नाही. शिक्षण बेताचं, रूप बेताचं, जीभ मात्र तिखट. देवाने हात सैल सोडून दिलेली एकच गोष्ट माझ्याजवळ होती, ती म्हणजे आवाज. तो मी देवासमोरच वापरला, पण त्याचा मला गर्व होता हेही खरं. भूपाळीचा वरचा सूर लागला की देवळातल्या बायका माना वळवून माझ्याकडे बघत, आणि मी डोळे मिटलेले असूनही मला ते कळत असे.

एका उन्हाळ्यात वेणी घालताना मानेशी गाठ लागली. गंगापूर रोडच्या एका दवाखान्यात दाखवलं. सुईची तपासणी झाली, तिचा रिपोर्ट ना धड चांगला ना धड वाईट. डॉक्टरीणबाई वयाने लहान पण बोलायला स्वच्छ होत्या. म्हणाल्या, "मावशी, गाठ काढलेली बरी. पण तिला खेटूनच आवाजाची नस जाते. आम्ही खूप जपतो, तरी क्वचित कोणाचा आवाज बसतो. नाही काढली, तर आत काय वाढतंय ते कळणार नाही. ठरवायचं तुम्ही." गायला चालेल का, एवढंच मी विचारलं. "खुशाल गा," त्या म्हणाल्या. ते 'खुशाल गा' मी तिथेच टेबलावर ठेवून आले.

आमचे हे जन्मभर विम्याची एजंटगिरी करत आलेले. उद्याचं कोणी पाहिलंय, हे वाक्य त्यांनी निम्म्या नाशकाला ऐकवलं असेल. घरी येताच म्हणाले, "अगं, जीव आधी. आवाज गेला तरी तू तर राहशील." मी म्हटलं, "तुमचा नाही ना जायचा, म्हणून सोपं आहे." बिचारे बाहेर जाऊन झाडांना पाणी घालत बसले.

आमच्या सासरी कौल लावायची पद्धत आहे. देव्हाऱ्यात गडावरच्या देवीचा चांदीचा टाक आहे. त्याला पाण्याचं बोट लावून दोन फुलं चिकटवायची, एक उजवीकडे, एक डावीकडे, आणि हात जोडून समोर बसायचं. उजवं आधी पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. मी मंगळवारी कौल लावला. उजवं पडलं, म्हणजे गाठ काढावी. पुढच्या मंगळवारी पुन्हा लावला, तर डावं पडलं. मग मला चटकच लागली. मनासारखं आलं तर खात्री करायला पुन्हा, मनाविरुद्ध आलं तर पाणी कमी पडलं असेल म्हणून पुन्हा. हे म्हणायचे, "अगं, आता देवीची सहीच घेऊन टाक." मी त्यांच्यावर डाफरायची. पण आतून जीव टांगणीला लागला होता. आवाज जायची भीती वाटे, मरायची भीती वाटे, आणि दोन्ही तागड्यांत आपणच बसलेले असल्यावर कोणती खाली गेली ते कळणार कसं?

अशातच मी नवस बोलले. लोक नवसाला चहा सोडतात, भात सोडतात, कोणी अनवाणी राहतं. मी गाणं सोडलं. देवी स्पष्ट कौल देईपर्यंत एक ओळ म्हणायची नाही, गुणगुणायचंसुद्धा नाही. "चहा सोड की, साखर तरी वाचेल," हे म्हणाले. मी म्हटलं, "चहा मला एवढा प्यारा नाही. देवाला आवडती वस्तू द्यावी लागते." खरं सांगायचं तर त्यात देणं कमी आणि हिशेब जास्त होता. मी जपून ठेवलेला आवाज देवी मोडू देणार नाही, असं माझ्या मनाने घेतलं होतं. लग्नातले दागिने जसे आपण लॉकरात ठेवतो, तसा मी तो तिच्याकडे ठेवला.

आषाढ गेला, श्रावण गेला. नवरात्रात बायका जोगवा म्हणत होत्या आणि मी ओठ घट्ट मिटून टाळ्या वाजवत होते. घसा अगदी छान होता हो. खोकला नाही, खरखर नाही. स्वयंपाक करताना सूर आपोआप वर यायचा आणि मी तो गिळून टाकायची. मग काकडा आला. गल्लीत नव्याने सून होऊन आलेल्या वैशालीने भूपाळी म्हटली. प्रत्येक ओळीला ती माझ्याकडे बघायची, बरोबर आहे ना म्हणून. मी मान हलवायची. घरी येऊन मी रडले, पण नवस मोडला नाही. त्या वेळी मला त्याचा अभिमानच वाटला होता.

काकडा संपला आणि घास गिळताना अडखळायला लागलं. मी शेवटचा कौल लावला. बराच वेळ काहीच होईना. मग दोन्ही फुलं एकदमच खाली आली, एकमेकांना धरून आल्यासारखी. हे मागे उभे होते. "घे," ते म्हणाले, "ती म्हणतेय, तुमचं तुम्ही बघा." थट्टेचा आव होता, पण आवाज कापत होता. त्या कापऱ्या आवाजानेच माझं ठरलं. दुसऱ्या दिवशी आम्ही तारीख घेतली. स्पष्ट कौल मात्र मिळालाच नव्हता, म्हणून मी नवस पाळतच दवाखान्यात दाखल झाले.

शेजारच्या खाटेवर मालेगावची एक म्हातारी होती, शकीलाबी. तिचं पित्ताच्या खड्यांचं ऑपरेशन माझं होतं त्याच दिवशी, माझ्या आधी. ऑपरेशनच्या पहाटे ती फार घाबरली होती. उठायची, बसायची, पदर चाचपायची. सून तिचे पाय दाबत होती, तरी ती स्वस्थ होईना. आदल्या संध्याकाळी ह्यांनी त्या दोघींना माझ्या गाण्याचं पुराण, नवस तेवढा वगळून, सांगून ठेवलं होतं, ते मला माहीत नव्हतं. शकीलाबी माझ्याकडे वळली.

"बाई, तुमची आवाज जाईल म्हणून डर आहे ना?"

मी हो म्हटलं.

"मग इतके महिने पोटभर गाऊन घेतलं असेल तुम्ही."

टोमणा नव्हता तो. तिला खरोखर तसंच वाटलं होतं. घरातून कोणी लांब जाणार असलं की आपण त्याच्याजवळ जास्त बसतो, तसं. एवढी साधी गोष्ट ना मला सुचली होती, ना ह्यांना. खिडकीबाहेर उजाडायला लागलं होतं, म्हणजे भूपाळीचीच वेळ.

"माझ्यासाठी म्हणा ना काही," ती म्हणाली. "मला लय भीती वाटते. तुमच्या देवाचं म्हणा. समझलं नाही तरी चालेल, कानात तर जाईल."

मी ह्यांच्याकडे बघितलं. नवस मोडला आणि देवी कोपली तर? अजून थोड्या वेळाने माझा गळा दुसऱ्याच्या हातात असणार होता. ह्यांनी नुसती मान हलवली, हो की नाही तेही कळू दिलं नाही. शकीलाबीचा हात खाटेच्या दांड्यावर होता. मी तो हात धरला आणि भूपाळी सुरू केली.

पहिली ओळ कुरकुरत आली, इतक्या महिन्यांची धूळ होती. दुसरीला गळा मोकळा झाला. वरचा सूर लागला तेव्हा माझ्या अंगावर काटा आला, कारण तो इतका स्वच्छ मला काकड्यातही कधी लागला नव्हता. औषधं घेऊन आलेली नर्स दारातच थांबली. त्या दिवशी कोण माना वळवून बघतंय याची मला शुद्ध नव्हती. संपलं तेव्हा शकीलाबीचा हात सैल पडला होता. तिला झोप लागली होती.

तेच माझं मोकळ्या गळ्याचं शेवटचं गाणं. गाठ निघाली. आत वाईट सुरुवात झाली होती, पण वेळेत आलात, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आवाज मात्र बसला. हळूहळू येईल म्हणून वाट पाहिली, व्यायाम केले. बोलण्यापुरता आला, फाटका. वरचे सूर गेले ते गेलेच. शकीलाबी मला पुन्हा भेटली नाही. मी गुंगीत असताना तिला दुसऱ्या मजल्यावर नेलं आणि तिथूनच ती घरी गेली. जाताना तिने सुनेला ह्यांच्याकडे पाठवून विचारलं होतं, बाईंची आवाज आली का. ह्यांनी 'आली' म्हणून सांगितलं. माणूस आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलला असेल.

नवस मोडला म्हणून आवाज गेला, असं एखाद्या वाईट दिवशी मनात येतं. पण आवाज गेल्याचं दुःख मला फारसं छळत नाही. जीव वाचला, ह्यांच्यासोबत चहा पिते आहे, देवीचे उपकार मोठे आहेत. छळतात ते गेलेले महिने. श्रावण, नवरात्र, सगळा काकडा. धडधाकट गळा असताना मी तो कुलपात घालून बसले आणि त्याला भक्ती म्हणाले. जे जाईल म्हणून भ्यायले, ते मी आधीच स्वतःच्या हाताने बंद करून टाकलं होतं. देवीवर भार टाकणं म्हणजे तिच्या उत्तराची वाट बघत गप्प बसणं नव्हे, हे मला त्या म्हातारीने शिकवलं. निदान एक भूपाळी तरी देवीने माझ्याकडून काढून घेतली, शेजारच्या खाटेवर येऊन मागून घेतली, असं मी मानते. तेवढीच माझ्या पदरात आहे.

आता काकड्याला वैशाली म्हणते आणि मी टाळ धरते. मंगळवारी अजून फुलं आणते. देव्हाऱ्यापुढे बसून फाटक्या आवाजात भूपाळी म्हणते, हे आतून ऐकत असतात. फुलं मी आता टाकाला चिकटवत नाही. नुसती वाहते.