एकाच्या वरचा आकडा

सलीमसर गेल्याचा फोन आला तेव्हा मी मुखेडच्या बाजारात भेंडी निवडत होतो. पिशवी तिथंच राहिली... लातूरला पोचेपर्यंत माती होऊन गेली होती.

त्र्याण्णवच्या भूकंपात त्यांचं औशाकडचं घर बसलं. आई-वडील वाचले, पण घर चालवायला दुसरं कुणी नव्हतं. भौतिकशास्त्रातलं संशोधन अर्धवट टाकून सर लातूरच्या क्लासमध्ये शिकवायला आले. "दोन वर्षं बघतो," म्हणाले. मी तिथंच केमिस्ट्री शिकवायचो. मग क्लासेसची लाट आली, पत्र्याच्या शेडची चार मजली इमारत झाली, आणि एका बॅचमधून दुसरीत ढकलले जाता जाता आमचे केस पिकले. जीव गुदमरायचा, खरं सांगतो. पण सोडून जायचं कुठं?

दुपारच्या सुट्टीत सर स्टाफरूमच्या कॉम्प्युटरवर शनीच्या एन्सेलाडस या बर्फाळ चंद्राची, यानानं पाठवलेली चित्रं उघडायचे. एकेका ठिपक्याचा उजेड मोजायचा, अंतर आणि सूर्याचा कोन धरायचा, आणि पडलेला सगळा उजेड परत फेकणारी पांढरी तबकडी म्हणजे एक धरून, तो बर्फ किती फेकतो ते काढायचं. एका संशोधन संस्थेतल्या प्राध्यापकांनी कळवलं होतं, "आकडे पाठवा, चांगले असतील तर इकडंच या." सुटायची तेवढी एकच वाट होती.

एके दिवशी वही घेऊन आले. "आप्पा, बघा बरं, कुठं चुकून राहिलो मी? एकाच्या वर येतंय."

"हाट! पडला त्याहून जास्त उजेड परत जातोय व्हय? पोरानं असं लिहिलं तर तुम्ही वर्गाबाहेर काढाल त्याला!"

हसत हसत मी खिशातल्या लाल पेनानं आकड्यावर काट मारली. पेपर तपासून तपासून हाताला तीच सवय. सर वही मिटून बॅचला गेले. आकडे त्यांनी कधीच पाठवले नाहीत.

चाळिसाव्याला सरांच्या घरी गेलो तर भाभींनी ती वही माझ्या हातात दिली. आत एका मासिकाचं पिवळं पडलेलं पान. त्या चंद्राच्या उजेडाचं माप खरंच एकाच्या वर जातं म्हणे; सूर्य बरोबर आपल्या पाठीशी असला की त्याचा बर्फ त्या पांढऱ्याशुभ्र तबकडीपेक्षाही जास्त उजेड, चहूकडं न पसरवता, सरळ आपल्याकडं फेकतो. पान बारा वर्षांपूर्वीचं. बारा वर्षं हा माणूस रोज माझ्यासमोर बसून डबा खात होता, अन् चकार शब्द नाही!

वहीतल्या लाल काटेखाली सरांनी पेन्सिलीनं लिहिलं होतं, "बरोबर होतं. आप्पांना सांगू नये. मनाला लावून घेतील."

"क्या लिखे हैं, आप्पा? चश्मा नै मेरा," भाभी म्हणाल्या.

तेव्हा मी वही मिटून घेतली. आता सांगतो, भाभी... ती लाल काट माझी आहे.