गोविंदतात्यांनी दाखवलेले शेत

गोविंदतात्या सकपाळ यांची माझी पहिली भेट कापड्याला त्यांच्या अंगणात झाली. शेतकरी संघाचा चिटणीस म्हणून मी महाडहून त्यांना अध्यक्षपदाची विनंती करायला गेलो होतो. त्यांनी पाणी दिले, बसवले आणि मला कोणी पाठवले आहे, हेच निरनिराळ्या तऱ्हेने विचारत राहिले.

आज त्यांच्या एकसष्टीनिमित्त लिहिताना हे सांगायलाच हवे, की तात्यांच्या संशयी स्वभावाने आम्हां सहकाऱ्यांचा अनेकदा जीव मेटाकुटीला आणला. ते अध्यक्ष झाल्यावर एका परदेशी संस्थेने संघाला भाताचे नवे बियाणे आणि खत देऊ केले, तेव्हा सगळे हरखले. अट एकच होती. सभासदांनी जुने बी सोडून सगळीकडे नवेच लावायचे. तात्यांनी अट मानली नाही. पहिल्या वर्षी एकाच शेतात लावू आणि ते शेत माझे, असे त्यांनी ठरवून टाकले. अध्यक्षांना फुकटचे खत हवे आहे, अशी कुजबुज झाली. तात्यांनी ती ऐकून घेतली.

पीक जोमाने वाढले. पण आश्विनातल्या वाऱ्यापावसात सगळे भात आडवे झाले. शेजारचे जुने बी मात्र उभे होते. नेमके तेव्हाच संस्थेचे पाहुणे पाहणीला यायचे होते. संस्थेच्या इथल्या अधिकाऱ्यांनी मला बाजूला घेऊन सुचवले, की पाहुण्यांना दासगावकडचे एखादे चांगले शेत दाखवावे. बी कोणते, हे कोण ओळखणार? मी ते तात्यांच्या कानावर घातले. पाहुणे आले, तेव्हा तात्या स्वतः पुढे होऊन त्यांना आपल्या शेतात घेऊन गेले.

"हे तुमचं बी. वाऱ्यात टिकलं नाय," ते म्हणाले. "वरच्या वाड्यांत वारा ह्याच्याहून जास्त हाय. तिथं हेच लावलं असतं, तर त्या माणसांनी वरीसभर खाल्लं काय असतं?"

दुभाष्याने ते सांगितले. मग संघाला हवे तरी काय, असे पाहुण्यांनी विचारले.

"बी द्या. कुठं नि किती लावायचं, ते आमी ठरवू. आणि पडलं तर पडलं म्हणून लिवा."

अधिकाऱ्यांनी दुसऱ्याच दिवशी मला महाडच्या कचेरीत जाब विचारायला बोलावले. तात्या पहिल्या एसटीने येऊन माझ्या शेजारी बसले. "शेत माझं, पाहुण्यांना नेणारे पाय माझे. ह्यांना काय विचारता?" एवढे म्हणून ते मला घेऊन उठले.

पुढे कित्येक महिने संस्थेकडून काही कळले नाही. अध्यक्षांनी घरी आलेली मदत घालवली, असे म्हणत काही सभासदांनी त्यांच्याशी बोलणे टाकले. त्या काळात तात्या एकदा मला हळूच म्हणाले, "माझंच चुकलं असंल काय हो?" त्यांचा संशय त्यांनाही सोडत नव्हता.

पेरणीच्या तोंडावर संस्थेचा नवा करार आला. बी आखूड काडीचे, वाऱ्यात सहसा न लोळणारे होते आणि ते कुठे, किती लावायचे, ही निवड संघाची होती. तरीही तात्यांनी तो माझ्याकडून पुन्हा पुन्हा वाचून घेतला आणि मगच सही केली. आज खालच्या खाचरांत नवे भात आहे, वरच्या वाड्यांनी आपले जुने राखले आहे आणि अबोला धरलेले सभासद तात्यांच्या ओटीवर पुन्हा येऊ लागले आहेत.

तात्यांना निरोगी, उदंड आयुष्य लाभो. संघाचे यापुढचे करार याहून मोठ्या संस्थांशी होतील. त्या प्रत्येक बैठकीत तात्या समोर बसलेले असोत आणि आमच्याही शब्दावर त्यांनी सहजासहजी विश्वास ठेवू नये, हीच प्रार्थना.