मागायला शिकले ते फ्रेंचमध्ये

कोरेगावजवळच्या आमच्या गावातून मी निघाले, त्या सकाळी आईनं एस्टीच्या खिडकीतून भाकरीचं गाठोडं माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "तिथं काही मागू नकोस. दिलं त्यात भागव." लग्नाला आठवडा झाला होता. शेजारी बसलेल्या माणसाचा आवाजही अजून ओळखीचा झाला नव्हता. शालन, माझ्या धाकट्या बहिणी, तू आईच्या पदराआड उभी होतीस. हात हलवलास की नाही, ते काही केल्या आठवत नाही.

कोपरखैरण्याला आल्यावर पहिल्याच रविवारी हे मला वाशीतल्या एका उडपी हॉटेलात घेऊन गेले. "काय घेशील?" म्हणून विचारलं. मी म्हटलं, "काहीही." ह्यांनी मसाला डोसा मागवला. अन्न टाकायची सवय नव्हती, म्हणून सगळा संपवला. ह्यांना वाटलं, हिला फारच आवडला. पुढं तीस वर्षं, न्हावा शेवा बंदराच्या यार्डात कंटेनर मोजून कितीही दमलेले असले, तरी महिन्यातून एकदा हे मला तिथं न्यायचे आणि वेटरला अभिमानानं सांगायचे, "हिच्यासाठी मसाला डोसा." मला खरं तर दहीवडा आवडायचा. शेजारच्या टेबलावर आला की नजर तिकडंच जायची. पण इतक्या मायेनं मागवलेलं नको कसं म्हणायचं?

आमची एकुलती एक मंजिरी नोकरीसाठी फ्रान्सला, लियोंला गेली. दोन वर्षांनी हे गेले, झोपेतच. मग फ्लॅटमध्ये मी आणि फ्रिजचा आवाज.

मंजिरी फोनवर म्हणाली, "आई, तीन महिने ये. पण मी दिवसभर ऑफिसात असणार. खाली उतरून स्वतःपुरतं काही मागवून खाता येईल एवढं तरी फ्रेंच शीक. मला टेन्शन नको."

आमच्या सोसायटीत शाळेच्या मुलांना फ्रेंच शिकवायला नेहा यायची. इथल्याच शिरवणे गावची मुलगी. तिच्या आजोबांची भातशेती होती तिथं आता कारखाने आहेत. तिला विचारलं तर हसून म्हणाली, "हाय काय त्यात, काकू! पाच वाक्यं पुरं."

शनिवारी दुपारी ती माझ्या स्वयंपाकघरात बसायची. पहिलं वाक्य 'ज वुद्रे'. म्हणजे मला हवंय, पण जरा मऊपणानं. 'युन काराफ दो' म्हणजे पाण्याचा जग. "पानी मागाया लाजायचं नाय, तिकडं फुकट देतात," ती म्हणायची. मग ती वेटर व्हायची, वही हातावर धरून विचारायची, "वू देझिरे?" तुम्हाला काय हवंय?

माझ्या तोंडून निघायचं, "तूच सांग गं."

तिसऱ्या वेळी ती चिडली. "काकू, तुमाला काय आवडतं ते वेटरला कसं ठाव असनार? वाक्य येतंय तुमाला. पुढं काय बोलायचं तेच तुमी ठरवत नाय."

ती गेल्यावर मी ओट्यापाशी उभी राहिले. ह्यांना काय आवडतं, मंजिरीला काय आवडतं, सासूबाईंना काय चालत नव्हतं, सगळं पाठ होतं. माझं काय, ते आठवायला संध्याकाळ झाली. आणि दहीवडा आठवल्यावर रडू आलं. ह्यांना एकदा सांगितलं असतं तर हे चिडले नसते. हसले असते आणि दोन मागवले असते. हे समजलं तेव्हा सांगायला माणूस उरला नव्हता.

लियोंला पोचल्यावर दहाव्या दिवशी मी एकटी खाली उतरले. कोपऱ्यावर छोटं हॉटेल होतं. साडीवर मंजिरीचा कोट, पायांत मोजे. वेटर उंच, पांढऱ्या मिशांचा. मला बघून तो इंग्रजीत बोलायला लागला. इंग्रजी मला फ्रेंचइतकंही येत नाही. मी मान हलवली आणि म्हटलं, "ज वुद्रे..." पुढचं सगळं पळालं. तो थांबला. शालन, खरं सांगते, कुणी माझ्या शब्दासाठी असं थांबलेलं मला आठवत नाही. फळ्यावर मसुराच्या सूपचं नाव होतं. ते वाचून दाखवलं, "सूप द लाँतीय." "सिल वू प्ले," म्हणजे कृपा करून, तेही जोडलं. त्यानं काहीतरी विचारलं, त्यातला 'पँ' म्हणजे पाव एवढाच कळला. मी म्हटलं, "वी." हो.

सूप आलं. मीठ कमी होतं. समोरची खुर्ची रिकामी होती. मी सगळं खाल्लं, या वेळी आवडलं म्हणून.

निघायच्या आदल्या संध्याकाळी मंजिरी माझ्या बॅगेची चेन ओढत होती. तीन महिने मी जिभेवर धरलेलं तेव्हा बोलले. "मंजू, मला वाटतं तू परत यावंस. कायमची."

तिचा हात थांबला. "आधी कधी बोलली नाहीस ते, आई."

"मागायचं नसतं असंच शिकले होते."

ती खाली बसली, माझ्या गुडघ्यावर डोकं टेकलं. "आत्ता नाही गं जमणार. इथं माझं काम आहे, माणसं आहेत. खोटं कशाला सांगू?"

"नको सांगूस," मी म्हटलं. दोघी रडलो, मग तिनं भात लावला आणि आम्ही जेवलो.

आता मी पुन्हा कोपरखैरण्यात आहे. शालन, गाव सोडलं तेव्हा वाटायचं, घर मागं राहिलं. मग वाटलं, हे होते तिथं घर होतं. आता वाटतं, मनातलं मागता येतं आणि नाही म्हटलं तरी ताटावरून उठावं लागत नाही, ते घर. म्हणून या दिवाळीत तुझ्याकडं महिनाभर राहायला येऊ का, हे सरळ विचारते. जमत नसेल तर तसं लिही. पण मला यायचंय.