ग्रुपला कुलूप

महामारीच्या काळात आमच्या शाळेच्या दहावीच्या पालकांनी वासंतीबाई परतूरकरांना क्वचितच पाहिलं असेल, पण त्यांचा आवाज सगळ्यांच्या ओळखीचा झाला होता. शाळा हैदराबादच्या बरकतपुऱ्यातली. सकाळी फोनवर दहावीच्या पालकांच्या ग्रुपचा निरोप वाजायचा आणि बाई बोलू लागायच्या. आधी तेलुगूत, मग दखनीत आणि शेवटी चार-दोन घरांपुरती मराठीत. "नमस्कार, वासंती परतूरकर बोलतेय. आज गणिताचा तास अकराला आहे. मुलं उठली नसतील तर उठवा. उठली असतील तर तोंड धुवायला लावा, मला कॅमेऱ्यात सगळं दिसतं."

बाई गणित शिकवायच्या. मीही त्यांच्याच हाताखाली दहावी झाले. पुढे इंजिनीअर होऊन नोकरीला लागले आणि आता त्यांच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर भाड्याने राहते. पुढचं सगळं मला बाईंनीच सांगितलेलं आहे. त्यांनी ते पुष्कळदा सांगितलं आणि दर वेळी स्वतःला सोडवून घेणारा एकही शब्द त्यात घातला नाही.

सुरुवातीला बाई निरोप लिहून पाठवायच्या. पहिल्याच आठवड्यात त्यांनी इंग्रजी अक्षरांत लिहिलं, 'ऑनलाइन क्लास चालू.' नलगोंड्याकडून आलेल्या एका आईने ते तेलुगूत वाचलं. तेलुगूत चालु म्हणजे पुरे. तिने मुलीचा फोन काढून घेतला. बाईंनी गैरहजेरीबद्दल विचारलं तर ती उलट म्हणाली, "मीरे चालु अन्नारु कदा, मॅडम!" तुम्हीच पुरे म्हणालात ना! बाई पोट धरून हसल्या आणि त्या दिवसापासून लिहायचं सोडून बोलायला लागल्या. तसंही कितीतरी घरांत वाचणारं कुणी नव्हतं. मराठी घरांतली मुलंसुद्धा देवनागरी दिसली की पुढे सरकायची.

बहुतेक घरांत फोन एकच, आणि तो वडिलांबरोबर कामावर गेलेला. बाईंचा आवाज त्या वडिलांना दुकानात, ऑटोत, लिफ्टच्या दाराशी गाठायचा. त्यांचे यजमान भगवंतराव हायकोर्टातून भाषांतरकार म्हणून निवृत्त झालेले. ते म्हणायचे, "सगळ्या हैदराबादला कळवतेस, पण पानं वाढली हे मला कळवत नाहीस. मलाही घे ना त्या ग्रुपात."

"तुम्ही गृहपाठ करणार आहात का?"

"वाढणार असशील तर करीन."

मग माणसं जायला लागली. आधी एका मुलाचे वडील गेले. बातमी ग्रुपवर आली, खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली आणि त्या रांगेतच कुणीतरी विचारलं, 'स्वाध्याय तीन पूर्ण करायचा का?' त्याच्याखाली कुणाच्या तरी लहान भावाने बोटं मारून नाचणारं अस्वल पाठवलं. ज्याचे वडील गेले तो मुलगा ते सगळं वाचत असणार, हे बाईंच्या डोक्यातून जाईना. त्यांनी मनाशी एक पद्धत ठरवली. आपल्यातल्या कुणाच्या घरी माणूस गेलं की ग्रुप बंद करायचा, म्हणजे बाईंशिवाय त्यात कुणालाच काही टाकता येणार नाही. त्याआधी एकच निरोप बोलायचा. गेलेल्या माणसाचं पूर्ण नाव, ते कुणाचे कोण, काय काम करत होते. मग दुसऱ्या संध्याकाळपर्यंत शांतता.

मुलांनी त्याला 'ग्रुपला कुलूप' असं नाव ठेवलं. दुसऱ्या लाटेत हे कुलूप इतक्या वेळा लागलं, की मुलं सकाळी उठून आधी ग्रुप उघडा आहे का ते बघायची. हे मात्र बाईंना नंतर समजलं.

त्या वर्षी मोठी परीक्षा होणार की नाही याचा कुणालाच पत्ता नव्हता. शाळेने म्हणून आपल्या चाचण्या घरून घ्यायचं ठरवलं. बोर्डाने काही नाही घेतलं तर निदान दाखवायला गुण असतील. कॅमेरा सुरू ठेवून पेपर लिहायचा आणि फोटो काढून पाठवायचा.

गणिताच्या पेपरच्या आदल्या संध्याकाळी बाईंना फोन आला.

"जय भीम, बाई. तातेराव बोलतो, तन्वीचा आजा."

"जय भीम, तातेराव. मीना कशी आहे?"

तातेराव रेल्वेतून खलाशी, म्हणजे मदतनीस कामगार, म्हणून रिटायर झालेले, मूळचे परभणीकडचे. काचीगुडा स्टेशनच्या मागे दोन खोल्यांत ते, त्यांची मुलगी मीना आणि नात तन्वी राहत. तन्वीचा बाप ती लहान असतानाच वेगळा झाला होता. मीना दिलसुखनगरला एका कोचिंग सेंटरच्या काउंटरवर होती. सेंटर बंद पडल्यावर ती बेगम बाजारात एका मसाल्याच्या होलसेल दुकानात पुड्या भरायला जायला लागली. आठवडाभर दवाखान्यात होती.

"मीना गेली, बाई. दुपारी गेली."

बाई खुर्चीवर बसल्या.

"पोरीला सांगितलं न्हाई म्या. उद्या तिचा गणिताचा पेपर हाय ना? तेवढा होऊ द्या. गणितच चांगलं हाय तिचं. मीनाची आशा त्याच्यावरच होती, पोरीला सायन्सला घालायचं म्हणून. दवाखान्यातून उद्या दुपारच्या आत परस्परच नेणार हायेत. घरी देत न्हाईत. पोरीला तिथं न्यायचं न्हाई मला. समदा रोग हाय तिथं. एक गेली, आता ही एकच हाय."

"माझ्याकडून काय हवंय, तातेराव?"

"तुमचा ग्रुप हाय. फोन दिसभर तिच्याच हातात असतो. कुणी श्रद्धांजली-बिद्धांजली टाकली की संपलं. येवढं सांभाळा. पेपर झाला की मी सांगतो. माझ्या तोंडानं सांगतो."

बाई हो म्हणाल्या. फोन ठेवला तोच सत्यवतीचा आला. ती तातेरावांच्या शेजारची, तिचाही मुलगा दहावीत. मीनाला सत्यवतीच्या नवऱ्याच्याच ऑटोतून दवाखान्यात नेलेलं. ती रडत होती. "मॅडम, ग्रुपमध्ये टाकू?"

"वद्दु, सत्यवती. टाकू नकोस."

"दोघींना मी सांगून बसले, मॅडम. त्या टाकतील."

बाईंनी तिथल्या तिथे ग्रुप बंद केला. या वेळी निरोप बोलल्या नाहीत, नाव घेतलं नाही. कुणी काही टाकायच्या आत आपण दार लावलं याचं त्यांना बरंही वाटलं.

भगवंतराव सगळं ऐकत बसले होते. जेवताना म्हणाले, "वासंती, ज्याची केस त्यालाच नोटीस नाही?"

"पोर पंधरा वर्षांची आहे हो."

"म्हणून विचारतोय. आई तिचीच ना?"

"उद्या तिथे नेऊन काय दाखवणार तिला? गाडी? आणि तिला काही झालं तर तातेरावांना तोंड कोण दाखवणार? तुम्ही?"

भगवंतरावांनी ताक मागितलं आणि विषय तिथेच राहिला.

सकाळी बाई दूध तापवत होत्या. पेपर सुरू व्हायला अजून अवकाश होता. फोन वाजला. तन्वी.

"बाई, ग्रुप बंद का केला?"

"आज पेपर आहे ना. कुणी उत्तरं टाकायला नकोत."

"काल सायन्सचा होता. काल चालू होता की."

"काल एकाने टाकलंच उत्तर."

"नाही टाकलं. मी बघत होते." मग जरा हळू आवाजात, "कोण एक्सपायर झालं, बाई?"

"कुणी नाही गं. तू तयारी कर."

"मग कुलूप कायकू?"

बाईंच्या तोंडून निघून गेलं, "पाचवीतल्या एकाचे आजोबा."

"पाचवीचा ग्रुप वेगळा आहे."

दूध उतू गेलं. बाईंनी गॅस बंद केला नाही, भगवंतरावांनी येऊन केला.

"नाव सांगा ना, बाई. तुम्ही सगळ्यांची नावं सांगता."

"आजोबांना फोन दे, बेटा."

"आजोबा रेशनला गेलेत." मग ती भरभर बोलत सुटली. "पांढरा शर्ट घालून गेलेत रेशनला. इस्त्री करून. सत्यवतीआंटीच्या अंकलबरोबर. मम्मीचा फोन कालपासून स्विच ऑफ येतोय आणि आजोबा म्हणतात चार्जर नाही. मी चार्जर दिला होता तिला. मी स्वतः पिशवीत घातला होता."

बाई सांगतात, त्या क्षणी त्यांना तातेरावांना दिलेला शब्द आठवत होता. पेपरही आठवत होता. पण पोरीने प्रश्न विचारला होता आणि त्याचं उत्तर बाईंना माहीत होतं.

"मीना," बाई म्हणाल्या. "तुझी मम्मी. काल दुपारी."

तन्वी रडली नाही. तिने विचारलं, "आत्ता कुठं आहे?"

"दवाखान्यात. दुपारच्या आत नेतील."

"मी जाऊ शकते?"

बाईंनी वर पाहिलं तर भगवंतराव मास्क बांधून, स्कूटरची किल्ली हातात घेऊन उभे होते. सत्तरी ओलांडलेला माणूस, साखरेचा आजार. बाईंना त्यांना अडवायचं होतं. "घरातच थांब," त्या फोनवर म्हणाल्या, "आमचे हे येतायत."

पुढचं भगवंतरावांनी पाहिलं. दवाखान्याच्या मागच्या गेटशी गाडी लागली होती. दार उघडं होतं आणि आत एकसारख्या गुंडाळलेल्या पिशव्या होत्या. तीन की चार, तेही धड कळत नव्हतं. तातेराव पलीकडच्या फुटपाथवर पांढऱ्या शर्टात उभे होते. नातीला पाहून ते पुढे आले नाहीत, मागेही सरले नाहीत. फक्त भगवंतरावांना म्हणाले, "साहेब, तुमीबी?"

तन्वी गाडीपर्यंत गेली. पांढऱ्या किटमधल्या माणसाला तिने विचारलं, "अंकल, इसमें मेरी मम्मी कौनसी है?"

त्याच्या हातात कागद होते, पण चष्म्यावर वाफ साचली होती. "अम्मा, पीछे हटो," तो म्हणाला. दुसऱ्यांदाही तेवढंच म्हणाला. दार लागलं. तन्वीने गाडीला हात जोडले. कुठल्या बाजूला जोडायचे ते न कळून ती दोनदा सरकली. गाडी निघून गेली. स्मशानात घरचं एकच माणूस सोडत होते, म्हणून तातेराव ऑटोतून मागोमाग गेले. भगवंतरावांनी तिला घरी आणून सोडलं.

चार दिवसांनी तन्वीला ताप आला. मग तातेरावांना. दोघंही वाचली. त्या दिवसांत सत्यवती डबा दाराशी ठेवून लांब उभी राहायची. भगवंतरावांना काही झालं नाही. बाई मात्र रोज त्यांच्या बोटाला यंत्र लावायच्या आणि आकडा पाहून पुन्हा लावायच्या.

उठून बसता यायला लागल्यावर तातेरावांनी फोन केला. आवाज चढवला नाही.

"बाई, येवढंच मागितलं होतं तुमाला."

"तिने विचारलं, तातेराव."

"लेकरू विचारणारच. माझ्या तोंडानं सांगायचं होतं मला. मी परत आल्यावर, तिला जवळ घेऊन. तुमी फोनवर सांगितलं. एकटी होती ती घरात."

घरात ती एकटी होती, हे त्यांना नाव घेताना सुचलंच नव्हतं.

मोठी परीक्षा रद्द झाली. शाळेच्या गुणांवर निकाल लागला, आणि तन्वीच्या गणिताच्या जागी काहीच नव्हतं. बाईंनी मुख्याध्यापकांना गाठून तिच्यासाठी वेगळा पेपर मान्य करून घेतला, स्वतः नवा काढला आणि पाठवला. तन्वीचा निरोप आला, 'नको बाई.' ती पास झाली, पण हव्या त्या कॉलेजात सायन्स मिळालं नाही. बाईंनी ग्रुप बंद करायची पद्धत सोडून दिली. त्यानंतरही माणसं गेली. त्या बातम्यांखाली गृहपाठाचे प्रश्न येत राहिले आणि बाईंनी ते येऊ दिले.

शाळा उघडल्यावर तन्वी दाखला न्यायला आली. वासंतीबाई ऑफिसातच बसल्या होत्या. पोरगी उंच झाली होती आणि केस कापले होते. कॉमर्सला नाव घातलंय म्हणाली. बेगम बाजारात, आईच्याच दुकानात, संध्याकाळी बिलं करते. शेटजी चांगले आहेत, पण मिरची डोळ्यांना झोंबते.

"आजोबा कसे आहेत?"

"आहेत."

"माझ्यावर रागावलेत अजून?"

"हौ," तन्वी म्हणाली. क्लार्क दाखला शोधत होता. ती टेबलाच्या कडेला नख घासत होती. मग एकदम म्हणाली, "बाई, मी त्या दिवशी फोन केला नसता, तर तुम्ही सांगितलं असतं?"

बाईंनी मला सांगितलं, की हो म्हणणं अगदी सोपं होतं. पोरगी तेच ऐकायला आली होती असंही त्यांना वाटलं.

"नाही," त्या म्हणाल्या. "पेपर होऊ दिला असता."

तन्वीने मान हलवली. राग आला की नाही, ते तिच्या चेहऱ्यावर दिसलं नाही. क्लार्कने रजिस्टर पुढे सरकवलं तेव्हा तिने विचारलं, "सही कुठं करू?" आणि त्याने बोट ठेवलं तिथे केली.