चादरींची खोली

लाँड्रीवाल्या बाईंना गल्लीत सगळे कडक काकू म्हणत. इस्त्री कडक आणि जीभ त्याहून कडक. तीस वर्षं एकाच खोलीत त्यांनी इस्त्री केली, संसार केला, मुलीला लहानाचं मोठं केलं. दाराशी टेबल, भिंतीला नवऱ्याची खाट आणि मधे दिवसभर वाफ. त्या वाफेनं काकांच्या छातीची पार वाट लावली. आडवं झालं की जीव घाबरा होई, म्हणून बिचारे मांडीवर उशी घेऊन बसल्या बसल्या झोपत. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, एक तर इस्त्री या खोलीतून जाईल, नाहीतर काका जातील.

म्हणून काकूंनी गच्चीवर खोली बांधायचं ठरवलं. इस्त्री वर, काका खाली. नकाशा काढून घेतला, अर्ज केला आणि चार महिन्यांनी नगरपालिकेचं पत्र आलं. परवानगी नाकारली होती. का, तर थंडीत या खोलीची सावली शेजारच्या मास्तरांच्या खिडक्यांवर पडेल.

काकूंचा पारा चढला. अहो, जी बाई तीस वर्षं ओले कपडे सावली चुकवत या दोरीवरून त्या दोरीवर हलवतेय, तिला सावली शिकवता? थंडीत ऊन यायचं ते मास्तरांच्या बाजूनं आणि सावली पडायची ती काकूंच्या मागच्या अंगणात. मास्तर तर आपली हरकत नाही म्हणून सही द्यायला तयार होते. पण सहीनं सावली हलत नाही, असं नगरपालिकेतला कारकून म्हणाला. एवढं एक त्याचं काकूंना पटलं.

त्यांनी फाइल मागून नकाशा टेबलावर पसरला. पाहतात तर काय, नकाशा काढणाऱ्या शहाण्यानं उत्तर दिशेचा बाण चक्क उलटा काढला होता. आणि खुर्ची सोडून जागा बघायला कोणी आलंच नव्हतं. कारकून म्हणाला, नवा नकाशा द्या, नवा अर्ज करा, आठ महिन्यांत नंबर लागेल. आठ महिने! घरी काकांना आता दोन वाक्यंही सलग बोलवत नव्हती. मुलगी फोनवर रडकुंडीला आली. दुकान बंद करा आणि दोघं माझ्याकडे या, म्हणाली. काकूंनी साफ नकार दिला. चूक कागदाची, मग गाशा त्यांनी का गुंडाळायचा? अपिलाची मुदत संपायला तीन दिवस होते. त्यांनी अपील ठोकलं आणि मागणी एकच लिहिली, येऊन डोळ्यांनी बघा.

अपील ऐकणाऱ्या मॅडम थंडीतल्या एका सकाळी अकराला आल्या. गच्चीवर खोलीच्या मापाचे चार बांबू उभे होते आणि भिंतींच्या जागी ताणून बांधलेल्या, लॉजमधून धुवायला आलेल्या चादरी. काकू म्हणाल्या, त्या तशाही वाळायच्याच होत्या. मॅडमनी टेप लावून उंची मोजली, नकाशातल्या मापाशी इंचाचाही फरक नव्हता. मग त्या खाली मास्तरांकडे गेल्या. खिडक्यांत लख्ख ऊन आणि मास्तर उन्हाला पाठ देऊन पेपर वाचत बसलेले. मॅडम दुपारी तीनपर्यंत थांबल्या. ऊन तिथून हललं नाही.

मग त्या मागच्या अंगणात आल्या. निम्म्याहून जास्त अंगण सावलीत गेलेलं. दोरीवरच्या एका शर्टाची बाही त्यांनी चाचपली. सकाळपासूनची, अजून ओलीच.

त्या काकूंकडे वळल्या. "अहो, सावली तुमच्याच दोऱ्यांवर पडतेय. खोली झाल्यावर कपडे वाळवणार कुठे?"

"हे मला अर्ज केला त्या दिवसापासून ठाऊक आहे," काकू म्हणाल्या. "कपडे घेऊन मी उन्हामागे कुठंही हिंडेन, मॅडम. यांचा श्वास गेला तर त्याच्यामागे कुठं हिंडू?"

मॅडमनी पाहणीचा अहवाल तिथेच उभ्या उभ्या लिहिला. बाण उलटा असल्याचंही लिहिलं आणि खाली सही केली.

तीन आठवड्यांत परवानगी आली आणि पुढच्या थंडीच्या आत खोली उभी राहिली. काकू आता ओल्या चादरींचा गठ्ठा घेऊन जिना चढतात आणि वर शिडीनं नव्या खोलीच्या छतावर जातात, कारण ऊन तिथेच उरलंय. गुडघे कुरकुरतात, तोंडाचा पट्टा चालू असतो. पण निघताना खालच्या दाराशी त्या क्षणभर गप्प उभ्या राहतात. आत काका खाटेवर आडवे होऊन झोपलेले असतात.